हॅचरीतली न आलेली चिठ्ठी

संशय घ्यायची सवय मला नोकरीनं लावली. घरी आम्ही तशी भोळी माणसं. देऊळघाटला आमचा मळा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवायची आणि बुलढाण्याच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाइकानं जुडी सडकी आहे म्हटलं की माय दुसरी द्यायची, पहिली खरंच सडकी आहे का हे बघायचीसुद्धा नाही. अशा घरातली मी पोरगी, आणि त्या हिवाळ्यात मी कॉम्प्युटरच्या बटणांना हळद चोपडून ठेवत होते, कोणाचं बोट पिवळं होतं ते पाहायला. माणूस कुठून कुठं जातो बघा.

नोकरी हॅचरीतली. हॅचरी म्हणजे अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायचा कारखाना. बुलढाण्याच्या बाहेर, वर हवा थंड म्हणून मालकानं ती जागा घेतली होती. तो काळ असा की आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटर पाहिलेली माणसं बोटावर मोजावी, आणि चालवणारी त्याहून कमी. मी औरंगाबादला आत्याकडे राहून बेसिक नावाच्या भाषेचा कोर्स केला होता. मालकानं हौसेनं कॉम्प्युटर आणला, चालवणारं कोणी मिळेना, तेव्हा आमच्याकडून भाजी नेणाऱ्या त्यांच्या बायकोला माझी आठवण झाली. बा म्हणाले, "नोकरी हाय तोवर लग्नाचं नाव काढत नाई. नोकरी गेली का मंग मह्या हाती कायी नाई, तुही आत्या स्थळ घेऊन बसलीच हाय." तेव्हा ती नोकरी माझ्यासाठी पगारापेक्षा फार मोठी होती. ती गेली की माझं सगळंच गेलं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

काम मला भलतंच आवडलं. अंडी आधी एका मोठ्या कपाटात असतात. तिथं ऊब असते आणि ट्रे अधूनमधून दांडा ओढून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलते करावे लागतात, कोंबडी चोचीनं अंडं फिरवते तसे. शेवटचे तीन दिवस राहिले की ती अंडी दुसऱ्या, स्थिर कपाटात हलवायची. तिथं ट्रे हलत नाहीत, आणि पिल्लं तिथं फुटून बाहेर येतात. म्हणजे दोन कामं, दोन्ही पुन्हा पुन्हा यायची. दांडा ओढायची वेळ दर तासाला, आणि एकाच दिवशी ठेवलेल्या अंड्यांची कोणती खेप आज हलवायची हे रोज सकाळी. बेसिकमध्ये 'ऑन टाइमर' म्हणून एक सोय होती. यंत्राला सांगायचं, तू तुझं काम कर बाई, पण इतका वेळ झाला की हातातलं सोड, हे एवढं बघून ये, आणि परत आपल्या कामाला लाग. माय भाकरी थापता थापता दुधावर लक्ष ठेवायची, अगदी तसं. मी हिशेब टाइप करत बसायचे, मागच्या मागे प्रोग्राम वेळ मोजत असायचा, तास भरला की घंटी वाजायची. आणि सकाळी तारीख बघून, आज हलवायची खेप असेल तर प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. ती चिठ्ठी पहिल्यांदा आपोआप निघाली तेव्हा मी कोणी बघत नाही असं पाहून टाळी वाजवली होती.

तो कॉम्प्युटर जुन्या चालीचा होता. संध्याकाळी बंद केला की आज कोण वार, कोण तारीख, सगळं विसरायचा. सकाळी चालू केला की आधी विचारायचा, तारीख सांगा, मग विचारायचा, वेळ सांगा. आपण सांगू ती खरी. ही तारीख टाकायचा मान मालकाचा. मी बसनं पोचायच्या आधी ते आंघोळ करून यायचे, यंत्राला हळदकुंकू, उदबत्ती, मग बटण, मग तारीख. दिवसा लाइन गेली तर बंद पडू नये म्हणून बॅटऱ्यांचं खोकं जोडलं होतं, त्यामुळे एकदा सकाळी टाकलेली तारीख संध्याकाळपर्यंत चालायची. पडद्यावर मी फक्त पुढच्या घंटीची वेळ दाखवत असे. तारखेला भिंतीवर कॅलेंडर होतंच की.

आता मुकादम. माझ्या आधी हॅचरी त्याच्याच जोरावर चालायची. साखरखेर्ड्याकडचा माणूस, बायको आणि लेकरं घेऊन हॅचरीच्या आवारातल्या खोलीत राहायचा. त्या खोलीशिवाय त्याला बुलढाण्यात डोकं टेकायला जागा नव्हती. कोणती खेप कधी हलवायची हे तो कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवायचा. कॉम्प्युटर आला आणि मालकानं सगळ्यांसमोर ओल्या फडक्यानं ती दारं पुसायला लावली. "आता खडू बंद," मालक म्हणाले. "चिठ्ठी निंगन तवाच टरे हालतीन. कोनी आपली अक्कल लावाची नाई." दारं मुकादमालाच पुसावी लागली. पुसताना त्यानं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून हा माणूस माझ्या मुळावर आहे असं मी धरून चालले.

त्याचं बोलणंही आमच्यासारखं नव्हतं. आम्ही मले, तुले करणार, तो मला, तुला म्हणायचा, आणि तेवढ्यानंसुद्धा तो मला पोचलेला वाटायचा. शुद्ध बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो, अशी माझी त्या वेळची अक्कल.

पोळा झाला. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर मोठ्या कपाटाच्या खोलीत कामावरच्या बाया गोळा झालेल्या. कपाटातून चिवचिव येत होती. जिथून आवाज यायला नको तिथून. दार उघडलं तर एक अख्खी खेप तिथंच फुटलेली. ती तीन दिवस आधीच स्थिर कपाटात जायला हवी होती. ओली पिल्लं ट्रेच्या फटीत पडली होती, आणि दर तासाला ट्रे कलले तसे त्यांचे पाय दांड्यांत सापडत गेले होते. माझ्याच घंटीवर कोणीतरी तो दांडा ओढत होतं. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

"चिठ्ठी कुठी?" मालकानं विचारलं.

"निघालीच नाही," मुकादम म्हणाला.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "निंगाले पाहिजे. प्रोग्राममधी हाय."

"मंग गेली कुठी, पाखरू होऊन उडाली?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. चिठ्ठी निघाली, मुकादमानं ती चुरगाळून फेकली, आणि आता साळसूदपणे निघालीच नाही म्हणतो. त्याला काय, यंत्र खोटं पडलं की खडू परत येतो. आणि मला आणखी एक गोष्ट खात होती. चिठ्ठी आली नसेल तरी इतकी वर्षं अंडी उबवणाऱ्या माणसाला एक खेप राहिली हे कळू नये? कळलं असणारच. मी त्याला नंतर एकटा गाठून तसं विचारलंही. तो म्हणाला, "खडू पुसला त्या दिवशी मी मोजणं सोडलं. मला अक्कल लावायची मनाई हाये." हे ऐकून माझा संशय गेला नाही, घट्ट झाला.

मधले दोन महिने काही बिघडलं नाही. फक्त एकदा मुकादम चिठ्ठी घेऊन माझ्यापुढे आला. "ही खेप तर काल हलवली. आज परत हीच चिठ्ठी." मी चिठ्ठी पाहिली. तारीख कालची. म्हटलं, मुकादम काका, ही कालचीच चिठ्ठी हाय, तुमी खिशातून काढून दाखवून राह्यले. तो म्हणाला, "आत्ता निघाली, माझ्या डोळ्यासमोर." मी हसले. मनात म्हटलं, मला काय कालची पोर समजतो का, यंत्राला बदनाम करायला हा आता जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवायला लागला. तो चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. मी ती फाडून टाकली, आणि तिथं माझं आयुष्य सोपं करणारा कागद माझ्याच हातानं केरात गेला.

दिवाळी आली. भाऊबीज आटोपून कामावर गेले तर तोच प्रकार. पुन्हा एक खेप मोठ्या कपाटात फुटलेली, पुन्हा तीच चिवचिव, तेच पाय. चिठ्ठी नव्हती. या वेळी मालक ओरडले नाहीत. त्यांनी औरंगाबादहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो बसनं आला, यंत्राचं झाकण उघडून फुंकर मारली, चहा प्याला आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, प्रोग्राम बाईंचा आहे, बाईंनाच विचारा. असा राग आला मला त्या माणसाचा. आला तसा गेला, आणि जाताना माझ्या अंगावर ढकलून गेला.

मी रात्रीचा दिवस न करता, रोज दुपारी डबा खाता खाता, प्रोग्रामची ओळ न ओळ वाचली. आजची तारीख खेपेच्या तारखेशी जुळली की चिठ्ठी काढ, एवढंच तर होतं. सरळ, स्वच्छ. त्यात चूक नव्हती आणि आजही मी तेच म्हणते.

मालकानं आम्हा दोघांना ऑफिसात उभं केलं. "दाल मे कुछ काला हाय," ते म्हणाले. "मशीन चांगली हाय म्हन्ते तो. म्हंजे मानूस खराब हाय. तुमच्या दोघातून एक जन करून राह्यला, अन दुसऱ्याले मायीत हाय. एक महिना देतो. सापडलं त ठीक. नाई त एकाले मी काढतो, अन कोनाले ते मी ठरवीन." त्यांचा आवाज अगदी साधा होता. मुकादमानं मान हलवली. मी घरी जाताना बसमध्ये आत्याचं स्थळ कसं दिसत असेल याचा विचार करत होते.

मग सुरू झाला आमचा खेळ. मी डबा खायला टेबल सोडेना. मुकादम मला एकटीला कपाटांच्या खोलीत जाऊ देईना, कोणीतरी बाई माझ्यामागे ट्रे पुसायच्या निमित्तानं पाठवायचा. मी प्रिंटरच्या शेजारची केराची टोपली रोज उलटी करून बघायचे. तो मी गेल्यावर माझं टेबल बघतो असं एका बाईनं मला सांगितलं, आणि त्याच बाईनं माझी टोपलीची गंमत त्याला सांगितली असणार. त्याच दिवसांत मी ती हळद लावली. दुपारी जेवायला जाताना बटणांवर पुसटशी हळद, येऊन प्रत्येकाची बोटं न्याहाळायची. मुकादमाची बोटं स्वच्छ. बायांची स्वच्छ. पिवळी बोटं फक्त मालकांची, आणि ती तर रोजच पिवळी असायची, रोज सकाळी यंत्राची पूजा करणाऱ्या माणसाची बोटं पिवळी नाही तर काय निळी असणार? मी स्वतःवर चिडले. कुठं जाऊन बसली होती माझी बुद्धी.

महिना संपत आला. एके दिवशी आवस, म्हणजे अमावस्या, आली. आमच्याकडे आवसेला बैल जुंपत नाहीत, मोठं काम काढत नाहीत, बाजारालाही कोणी फारसं जात नाही. एरवी पहाटे जुड्या बांधायला मायबरोबर बसावं लागे, त्या दिवशी ते नव्हतं, म्हणून मी पहिल्याच बसनं निघाले आणि मालक यायच्या आधी पोचले. ऑफिसच्या मागे अंडी निवडायची खोली होती. तिथं बसून कोण येतं, कोण जातं ते पाहावं, असा माझा डाव. मुकादम येईल आणि मी त्याला रंगेहाथ धरीन, अशी माझी खात्री होती.

आले ते मालक. चपला दाराबाहेर काढल्या. उदबत्ती लावली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग कॅलेंडरपुढे जाऊन उभे राहिले. आवसेच्या चौकोनात काळा गोळा असतो, त्या गोळ्यावर त्यांनी बोट ठेवलं, मग ते बोट सरकवून आदल्या दिवसावर आणलं, आणि तसंच पुटपुटत येऊन बसले. दार अर्धं उघडं होतं. पडद्यावर प्रश्न आला, तारीख सांगा. हिरवी अक्षरं एवढाली. मालकांनी कालची तारीख टाकली.

मला आधी वाटलं, चुकले. मग ते बोट आठवलं. चुकले नव्हते. आवसेच्या दिवशी यंत्र चालू करायचं नाही, आणि चालू केल्याशिवाय तर भागत नाही, म्हणून त्यांनी यंत्राला सांगून टाकलं होतं की आज आवस नाहीच. आज चतुर्दशीच. आणि उद्या ते पाडव्याची खरी तारीख टाकणार, म्हणजे यंत्राच्या लेखी मधला दिवस उगवलाच नाही. त्या दिवशी हलवायची खेप असेल तर तिची चिठ्ठी कधीच निघणार नाही. आणि आदल्या दिवशीची चिठ्ठी मात्र दोनदा निघेल.

मी तिथं अंड्यांच्या टोपल्यांत बसून पोळ्यापासून मोजलं. पोळा आवसेला. दिवाळीची आवस. पिल्लं फुटतात तीन दिवसांनी, म्हणून कोणाच्या डोक्यात आवस आली नाही. आणि प्रत्येक आवसेला काही खेप हलवायची नसते, म्हणून मधली गेली तशीच, एका दुबार चिठ्ठीवर. मुकादमाबद्दल मी काय काय नाही चिंतलं होतं. पण मालकांचा राग त्याहून जास्त आला. कुंपणच शेत खात होतं, आणि वर आम्हा दोघांना उभं करून विचारत होतं, शेत कोणी खाल्लं.

मालक घरी गेल्यावर मी मुकादमाला फाटकापाशी चहाच्या टपरीवर नेलं. सांगावं की नाही, हा जाऊन मालकांना सांगेल का, असा संशय तेव्हाही होताच, पण एकटीनं ते पोटात ठेवणं मला जमेना. त्यानं ऐकलं. बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिला.

"मालकाचा थोरला भाऊ व्हता," तो म्हणाला. "आवसेच्या दिवशी नवी फटफटी काढली. घाटात पडून गेला. तेव्हापासून मालक आवसेला नवं काहीच सुरू करत नाही. मशीन रोजच नव्यानं सुरू व्हती, मग रोजच नवी."

"मंग सांगू त्याईले?"

"नको."

"काऊन नको? आपल्यातलं एक जन जाऊन राह्यलं."

"ताई, मालकाला त्याची चूक दाखवली तर एक नाही, दोघंही जाऊ. तू तुझ्या मशीनला काही शिकवता येत असंल तर शिकव. गुपचूप."

शिकवता येत होतं. कामाचा शेवटचा दिवस कोणता ते फ्लॉपीवर लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तारीख पाहायची, मधे एखादा दिवस गळला असेल तर त्या दिवसाचं राहिलेलं काम आधी काढायचं, मग आजचं. आणि तीच तारीख परत आली तर तोंड मिटून बसायचं, दुबार चिठ्ठी काढायची नाही. दोन दुपारांत झालं, आणि त्या आवसेला राहिलेल्या खेपेची चिठ्ठीही निघाली. मालकाला त्याची आवस पाळू दे, यंत्र मागाहून सगळं भरून काढेल. एक दिवस उशिरानं हलवलेल्या अंड्यांना काही होत नाही. मी मुकादमाला सांगितलं, झालं. तो नुसता बरं म्हणाला. आमच्यात पहिल्यांदाच काहीतरी जुळल्यासारखं मला वाटलं, आणि घरी जाताना मी मायसाठी चिवडा घेतला.

महिना संपला. मालकानं परत ऑफिसात बोलावलं. ते खुशीत दिसत होते, आणि मला वाटलं, सुटलो.

"दिवाळीपासून कायी झालं नाई," ते म्हणाले. "म्हंजे काय? मी धमकावलं, अन बंद झालं. यंत्र धमकीले भेत नाई. मानूस भेते. म्हंजे मानसाचंच काम होतं." मग मुकादमाकडे वळून, "तुले खडू गेल्याचं दुख होतं. मले समजते. पन पोटात ठेवून असं कराचं नाई. आठवड्यात खोली खाली करून दे."

मुकादम पायांकडे बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. तो बोलला नाही. दाराशी त्याची बायको उभी होती, तिनं ऐकलं असणार, कारण तिनं कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भिंतीला टेकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मीच गुपचूप केलेली दुरुस्ती त्याच्या गळ्याला लागली होती. मी काही न बोलता उभी राहिले असते तर नोकरी माझी होती. आत्याचं स्थळ परत गेलं असतं.

मी म्हटलं, "मालक, मुकादमानं नाई केलं. मी नाई केलं. तुमी आवसेच्या दिवशी कालची तारीख टाकता, म्हून चिठ्ठी निंगत नव्हती. मी आता प्रोग्राम बदलवला, म्हून थांबलं."

मालकांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे.

"तुले कसं समजलं?"

"मी पाह्यलं. अंडे निवडाच्या खोलीतून."

मालकांनी कॅलेंडरकडे पाठ फिरवली. मग मुकादमाला म्हणाले, "राहू दे. सामान हालवू नको." मुकादमाची बायको दारातून गेली. मला वाटलं, आता मला शाबासकी मिळेल. खोटं कशाला सांगू, मला अगदी तसंच वाटलं होतं.

"अन तू, पोरी," मालक म्हणाले, आवाज न चढवता, "मानूस देवाचं करून राह्यला अन तू दाराआडून पाह्यत होती. मह्या घरात मले कोनी असं पाह्यलेलं नाई. उद्यापासून येऊ नको."

मी डबा उचलला. फ्लॉपी काढून न्यावी, प्रोग्राम पुसून टाकावा, असं मनात येऊन गेलं. पण त्या ओल्या पिल्लांचे पाय डोळ्यांसमोर आले, आणि मी ती तशीच ठेवून फाटकाबाहेर पडले. घरी बांना सांगितलं. माय म्हणाली, "जेवून घे." आत्याचा निरोप आठवड्याच्या आत आला.

लग्न ठरेपर्यंत मी परत बाजारात मायशेजारी बसायला लागले. एका सकाळी मुकादम पिशवी घेऊन आला. त्यानं मेथी मागितली, आणि मी जुडी देईपर्यंत इकडेतिकडे बघत उभा राहिला.

"काल आवस व्हती," तो म्हणाला.

"मंग?"

"कालची चिठ्ठी आज सकाळी आली, आपोआप. दोन खेपा हलवल्या. एक बी पिल्लू गेलं नाही."

मला आत कुठंतरी फार बरं वाटलं. मी त्याला विचारलं, "मालक कायी म्हनत होते का?"

मुकादम पिशवीच्या कडीशी चाळा करत राहिला. "म्हणत व्हते," तो म्हणाला. "बायांना सांगत व्हते. ती पोट्टी गेली तेव्हापासून कॉम्प्युटर सुधरला."

त्या दिवशी मला जो राग आला तो लग्न होऊन, लेकरं होऊन, केस पिकूनही उतरलेला नाही. माय मला कोपरानं ढोसत म्हणाली, मागे गिऱ्हाईक उभं हाय, त्याले पाहाय आधी.